ओकच्या बुंध्याशी ओल

माझी नोकरी झाडांची, म्हणून लोकांना वाटतं मला झाडांचं वेड आहे. खरं सांगायचं तर मला झाडांपेक्षा त्यांच्या नोंदी आवडतात. दुबईबाहेर, जिथे रस्त्यावर वाळू यायला लागते तिथे, एका धनाढ्य मालकाने काचेचा मोठा हॉल बांधून आत भूमध्य सागराकाठचा डोंगर उभा केला होता. चुनखडीचे खरे दगड, अकरा सदाहरित ओक आणि त्यांच्या मध्ये जुनिपरची काटेरी झुडपं, सगळं मुळांच्या मातीसकट जहाजातून आणलेलं. चार वर्षं मी तो डोंगर सांभाळला. शहरातल्या अल नहदाहून रोज सकाळी बसने जायचे, आणि हॉलचं दार आपल्यामागे लागलं की अंगावर काटा यायचा.

गारव्याने नव्हे, शांततेने. एवढी झाडं, पण पान हलत नसे. वारा नाही, पाखरू नाही. त्यांच्या मूळ डोंगरावर आधी जुनिपर वाढतो आणि त्याच्या सावलीत ओक रुजतो. ओकची फळं तिथे पुरून ठेवतो एक पक्षी, पंखावर निळा पट्टा असलेला. पुढे खायला म्हणून पुरतो आणि काही विसरून जातो. आमच्याकडे तो पक्षी नव्हता. तरी पहिल्याच हिवाळ्यात एका जुनिपरच्या बुडाशी ओकची चार रोपं वर आली. फळं मातीबरोबर आली असणार, हे मला कळत होतं. पण पुरणारा समुद्रापार राहिला आणि त्याचं विसरलेलं इथे उगवतंय, हे बघून मला कसंतरीच झालं.

झाडांबरोबर आलेल्या तज्ज्ञाने जाताना बजावलं होतं, उन्हाळ्यात पाणी पूर्ण बंद. चुनखडीवर पडलेला पाऊस भेगांतून खोल जातो. ओकची मुळं त्याच्या मागे खाली उतरतात आणि झाड अख्खा कोरडा उन्हाळा पानं आवरून काढतं. गरम दिवसांत बुंध्याशी ओल राहिली तर साल कुजते. मे महिन्यात जुनी पानं गळतात, तीही उचलायची नाहीत, त्यांचीच माती होते. हे सगळं मी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत बोर्डावर लिहून लावलं. बोर्ड लिहायची मला भारी हौस.

आमचे मुकादम काका सिंधुदुर्गातले. त्यांच्या गावात देवराई आहे, तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, कारण रानाला न दिसणारा राखणदार असतो. झाडं आली त्या दिवशी काकांनी सगळ्यांत मोठ्या ओकसमोर नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मी चेष्टा केली, याच्या राखणदाराला मालवणी कळेल का म्हणून. काका हसले नाहीत.

"राखणदार सोबत इलो असात, तर कळतला," ते म्हणाले.

चौथ्या उन्हाळ्यात त्याच ओकच्या बुंध्याशी ओल दिसली. पाण्याचा टायमर बंद होता. मी नळ तपासले, व्हॉल्व्ह बदलून घेतला, शेवटी त्या बाजूची लाइनच तोडायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओल, त्याच जागी, ताटाएवढी. भोवतालची माती राखेसारखी कोरडी. आठवड्याभरात तिथे अळंबीच्या पांढुरक्या छत्र्या उगवल्या आणि वरची पानं तांबूस व्हायला लागली. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा हे काम माणसाचं. हॉलची किल्ली माझ्याकडे आणि काकांकडे. मेमध्ये पानं गळताना तेच हळहळत होते, झाड तहानलंय म्हणून. मी त्यांना उभं करून विचारलं. पाणी मी घातलेलं नाही, एवढंच ते बोलले. मग कोणी घातलं ते माहीत आहे का, या प्रश्नावर खाली बघत राहिले. मी ती कबुली समजले आणि तसा रिपोर्ट दिला. मॅनेजरने त्यांना हायवेच्या कडेला, उन्हातल्या कामावर पाठवलं. महिन्याभरात काका नऊ वर्षांची नोकरी सोडून गावी गेले.

ओल तशीच येत राहिली.

त्या वर्षी सेन्सर बिघडले होते, म्हणून दुपारच्या सुट्टीत, सगळे विश्रांतीच्या खोलीत असताना, मी ओकखाली दगडावर बसून हाताने नोंदी लिहायचे. काका गेल्यावर एका दुपारी लिहिणं संपलं, मी उठले, कूलरवर भरायला बाटली घेतली आणि सकाळचं उरलेलं लिटरभर पाणी बुंध्याशी ओतलं. ओतून झाल्यावर मला माझा हात दिसला. प्यायचं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, हे आईने लहानपणी लावलेलं वळण. बोर्ड लिहिणारा हातही हाच. रोज दुपारी नकळत मीच ओतत आले होते आणि रिपोर्ट काकांवर दिला होता, याची मला भयंकर लाज वाटली.

मॅनेजरला खरं ते लिहून दिलं. तो म्हणाला, "मॅडम, फाइल क्लोज झाली, खलास. अब छोडो." ऑक्टोबरमध्ये ओक वाळला.

मग मी काकांना फोन लावला. माफी मागायची होती, पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच झाडाची चौकशी केली. गेलं, मी म्हटलं. तर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. विश्रांतीच्या खोलीच्या खिडकीतून समोर हॉलची काच दिसायची, बाहेरच्या दमट हवेने पाणी ओघळणारी. तिच्यापलीकडे रोज भर दुपारी एक बाई ओकखाली दिसायची. चेहरा नाही, नुसता आकार. वाकून झाडाला पाणी घालायची आणि जायची.

"राखणदार दिसलो तरी बोलूचा नसता, मॅडम. बोललो असतंय तर ती झाड सोडून गेली असती."

या माणसाने तिच्यासाठी नोकरी सोडली होती. बरं झालं काका, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. त्यांची राखणदार त्यांच्यापाशी राहिली असती आणि माझी लाज माझ्यापाशी. क्षणभर मला तो मोह झाला.

"काका, ती मी होते," मी म्हणाले.



"मगे मी कोणासाठी गप ऱ्हवलंय?" त्यांनी विचारलं.