रस्ता ठाऊक नसलेल्या शेवंताबाई

शेवंताबाई दर साली शाळेतल्या पोरींना नांदेड दाखवायला न्यायच्या. बसस्टँडवर उतरलं की पिशवीवरच बसकण मारायच्या आन म्हणायच्या, "मला काई ठाऊक न्हाई. आता तुमी न्या मला."

बाई तांड्यावरच्या, आमच्या शिरडच्या शाळेत मास्तरीण. शिकल्या नांदेडातच, गल्ली न गल्ली पाठ. पण सहलीत मुक्या. पोरींनी इचारत इचारत किल्ला गाठायचा, गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसायचं, रेल्वेच्या पुलावरून खाली गाडी जाताना पाहायची, आन शेवटाला एखाद्या कॉलेजात शिरून प्रवेश कसा मिळतो ते इचारायचं. पोरी चुकल्या तर बाईबी मागं मागं त्याच चुकीच्या रस्त्यानं, भुईमुगाच्या शेंगा फोडत.

माझी नात पूजा तवा नववीत. घरात बडबड, दारात पाहुणा आला की तोंड शिवलेलं. माझा लेक म्हणे, असली पोरगी शहरात काय टिकंल, दहावी झाली की बास. बाई घरी आल्या. भांडल्या न्हाईत. म्हणाल्या, "दादा, एकदा नेऊन आणते. मग तुमी म्हणाल तसं." लेक म्हणला, माझी माय संगं जात असंल तर न्या.

मी नांदेड एकदाच पाहिलेलं. मालक सरकारी दवाखान्यात होते. कुठल्या खोलीत ठेवलं ते इचारायला जीभच उचलली न्हाई. पदर तोंडात धरून दुपारपस्तोर झाडाखाली बसले. कुणीतरी आत नेलं तवर त्यांची शुद्ध गेली होती. बोलणं राहिलंच. बसमधी हे बाईला सांगितलं. त्यांनी माझ्या वटीत मूठभर शेंगा टाकल्या.

स्टँडवर पोरी एकमेकींना ढकलायला लागल्या. तू इचार, तूच इचार. बाईंनी पूजाकडं पाहिलंबी न्हाई. मला म्हणाल्या, "आजी, आपुन इथंच बसू. माझे पाय दुखून राहिले. संध्याकाळी गाडी हायेच घरला."

पूजानं माझ्याकडं पाहिलं. मी शेंग फोडली. मग ती गेली केळेवाल्याकडं.

"मामा, किल्ल्याला कसं जायचं?"

"सीधा जाओ बेटी. आगे फिर पूछ लेना."

मग दिवसभर तीच पुढं. घरी आल्यावर बापापुढं उभी राहिली. नर्सिंगला बारावी लागती, मी कॉलेजात इचारून आले म्हणली. लेकानं तिला समोर बसवलं.

"बराबर इचारलंस का?"

"व्हय बापू. दोघांना इचारलं."

त्यानंतर दहावी-बास हे बोलणं घरात निघालं न्हाई.

शेवंताबाईची पुढं वारंगा फाट्याकडं बदली झाली. तिथल्या पोरींनाबी 'मला रस्ता ठाऊक न्हाई' असं सांगूनच नेतात म्हणं. पूजा नांदेडात शिकून राहिली. मी तिला शेंगा घेऊन एकटीच जाते. होस्टेलचा रस्ता मला पाठ झालाय, तरी स्टँडवर उतरले की त्या केळेवाल्याला इचारते.

तो म्हणतो, "आजी, पिछली बार तो बताया था."

"व्हय," मी म्हणते. "पुन्हा सांग."