कावळ्याच्या पिसांचा बाजा

माझा डावा हात भाता हलवण्यापलीकडे काही शिकलेला नव्हता. पेटीवाल्याचं असंच असतं. उजवा हात सूर काढतो, वाहवा मिळवतो आणि डावा बिचारा मागे भाता मारत बसतो. सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाचंही कीर्तन असो, साथीला पेटीवर मीच असायचो, आणि माझ्या डाव्या हाताकडून याहून जास्त अपेक्षा कुणी केली नव्हती. ती पहिल्यांदा केली आमच्या मुलींच्या शाळेतल्या निवृत्त मडमबाईंनी.

मी त्या शाळेत मराठी आणि गणित शिकवायचो. मडमबाई पूर्वी तिथं मुख्याध्यापिका होत्या आणि आवारातल्याच बंगलीत राहायच्या. तरुणपणी सोलापूरला आल्या त्या इथल्याच होऊन गेल्या. मराठी शिकल्या ती वसतिगृहाच्या मंगळवेढ्याकडच्या स्वयंपाकिणीकडून. त्यामुळे मी त्यांच्याशी अगदी पुस्तकी बोलायचो आणि त्या मला म्हणायच्या, "मास्तर, हितं बसा की." पुण्याहून आलेले इन्स्पेक्टर आमचं हे संभाषण ऐकून आधी त्यांच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

बाईंच्या दिवाणखान्यात एक लांबोडकं वाद्य होतं. सगळे त्याला पियानो म्हणायचे आणि बाई सगळ्यांवर चिडायच्या. ते होतं हार्पसिकॉर्ड. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखात बड्या घरांतून अशी वाद्यं असत. पुढे पियानो आला आणि ही माळ्यावर गेली. तिकडच्या एका कारागिरानं असलं एक जुनं वाद्य समोर ठेवून हुबेहूब तसंच नवं घडवलं होतं, आणि बाईंनी ते बोटीनं मागवून घेतलं होतं. पट्टी दाबली की आत लाकडाची एक चपटी काडी वर उठते. तिच्यात कावळ्याच्या पिसाच्या देठाचा तुकडा खोवलेला असतो आणि तो तार छेडतो. जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, आवाज तेवढाच. आवाज चढवून मंडप जिंकणाऱ्या माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती.

मी या भानगडीत पडलो तो बाईंच्या बोटांमुळे. संधिवातानं ती वाकडी झाली होती आणि वाजवणं बंद पडलं होतं. थंडी सरली की त्यांना मायदेशी परतायचं होतं. निवृत्त माणसांनी परत यायचं, असा त्यांना इथं पाठवणाऱ्या मिशनचा नियम होता. वाद्य शाळेलाच देऊन जाणार होत्या. जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. त्यांची एक आवडती चीज होती, ती या वाद्यावर एकदा पुरी ऐकायची. अख्ख्या सोलापुरात पट्ट्यांवर बोटं फिरवणारा त्यांच्या ओळखीचा माणूस मी एकटाच. म्हणून शाळा सुटली की मी रोज बंगलीवर जायला लागलो.

पहिल्या दिवशी उजव्या हातानं मी बरं वाजवलं. डावा हात मात्र आपोआप वर उठला आणि हवेत मागेपुढे व्हायला लागला. मला पत्ताही नव्हता. बाई बराच वेळ बघत होत्या.

"मास्तर, वारा कुणाला घालताय?"

मी हात खाली घेतला. चार सूर गेले आणि तो पुन्हा वर. शेवटी बाईंनी माझ्या डाव्या मनगटावर बायबल ठेवलं. मी तसाच वाजवायला लागलो, तर बायबलसुद्धा मागेपुढे व्हायला लागलं.

हात ताळ्यावर आला, तर चीज समजेना. कागदावरच्या त्या परदेशी सुरलिपीच्या मुंग्या मला वाचता येत नव्हत्या, म्हणून बाई गाऊन दाखवायच्या आणि मी सारेगम लिहून घ्यायचो. उजवा हात एक ओळ म्हणतो आणि डावा तीच ओळ खालच्या सप्तकात म्हणतो. इथवर ठीक होतं. कीर्तनातही बुवा म्हणतात आणि मागचे टाळकरी तेच उचलतात. पण बुवांचं संपल्यावर. इथं उजव्याचं निम्मं व्हायच्या आत डावा सुरू व्हायचा, आणि उजवा त्याची पर्वा न करता पुढे पळायचा. मला हा उद्धटपणा सहन होईना. माझा डावा हात मोठ्या अदबीनं थांबायचा आणि सगळं कोसळायचं.

"लई रीतभात नगं," बाई म्हणाल्या. "दोघी जावा भांडत्यात असं समजा. एक गप व्हायची वाट दुसरी बघती व्हय?"

आमच्या शेजारच्या घरी दोन जावा होत्या. आठवडाभर मी खिडकीपाशी बसून त्यांचं ऐकलं. दुसरी कुठं तोंड घालते, पहिली तेव्हा काय करते, दोघी एकदम श्वास कुठं घेतात, सगळं. त्यानंतर चीज बसायला लागली.

एवढ्यात पिसांनी दगा दिला. आमच्या कोरड्या हवेत देठ ठिसूळ व्हायचे आणि एकेक तुटायचा. बाईंनी तिकडून आणलेला साठा संपला, आणि एका हप्त्यात पाच पट्ट्या मुक्या झाल्या. दोन्ही जावा भांडताना मध्येच थुंकी गिळल्यासारख्या गप व्हायच्या. बाईंच्या प्रवासाचं सामान बांधायला सुरुवात झाली होती. तिकडून पिसं मागवायची तर ती येईपर्यंत त्या जायच्या.

कावळे तर आमच्या परसात रोज जेवायला असत. माझी विधवा आत्या आमच्याकडेच होती, ती नेमानं भिंतीवर त्यांचा घास ठेवायची. मी खालून पंखांची जाड पिसं वेचली आणि खिशात घातली. आत्यानं नेमकं ते पाहिलं.

"कावळ्याचं पीस घरात?" ती म्हणाली. "आधी अंघोळ कर."

मी अंघोळ केली. थंडीचे दिवस, त्यात संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की त्या बाज्यात मुळातच कावळ्याची पिसं आहेत, म्हणजे मी इतके दिवस विटाळ घेऊनच चुलीपाशी जेवतो आहे. मी सांगितलं, पिसाला हात लागत नाही, हात लागतो तो पट्टीला. पट्टी काडीला शिवते का, तिनं विचारलं. शिवते म्हटलं. आणि काडी पिसाला? पिसं परसाबाहेर गेली आणि मी पुन्हा वेचू नयेत म्हणून भिंतीशी आत्या काठी घेऊन बसायला लागली.

मला राग आला होता. मी तावातावानं म्हणालो, "आत्या, एक म्हातारी बाई सगळं आयुष्य इथं काढून चालली आहे. तिची एवढी एकच इच्छा आहे आणि ती तुझ्या सोवळ्यापायी राहणार."

आत्याच्या चेहऱ्यावरचा नूर एकदम बदलला. "इच्छा राहिली आहे?"

"हो."

"आणि परत येणार नाही?"

"नाही."

"मग आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली. आत्यानं दहाव्याचे पिंड आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. गेलेल्या माणसाची इच्छा अडकली की कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरचे हात जोडून म्हणतात, तुमचं राहिलेलं आम्ही करू, आणि कावळा येतो. "हे काम कावळ्यांचंच आहे," ती म्हणाली. बाई धडधाकट आहेत आणि फक्त बोटीनं चालल्या आहेत, हे मी सांगून पाहिलं. तिला त्यात काही फरक दिसला नाही. सकाळी तिनं मला धुतलेल्या पिसांची जुडी दिली आणि ऐकायला आपणही येणार म्हणून सांगितलं.

शाळा सुटल्यावर बंगलीवर मी देठ कापून बसवले. बाई शेजारी बसून प्रत्येक तुकड्याला नावं ठेवत होत्या. मग त्या व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसल्या. आत्यानं घरून आणलेला पाट पायरीवर, कशाला शिवणार नाही असा मांडला.

मी वाजवलं. डावा हात जागचा हलला नाही. एका ठिकाणी मी साफ चुकलो आणि नेमकी तिथंच आत्यानं मान डोलावून "वा" म्हटलं. पण थांबलो नाही. दोघी जावा शेवटपर्यंत भांडल्या आणि शेवटच्या सुरावर एकत्र आल्या. मला इतका आनंद झाला की मी धावतच बाहेर आलो.

बाई डोळे पुसत होत्या. आत्या पाटावर हात जोडून बसली होती, आणि दहाव्याला विचारतात तसं तिनं विचारलं, "झालं ना मनासारखं? आता काही राहिलं नाही ना?"

बाईंनी थोडा विचार केला.

"राहिलं की," त्या म्हणाल्या. "मला हितंच ऱ्हायचं हुतं."

अशा वेळी आत्या कसलंही वचन देऊन मोकळी होत असे. शेत सोडवू, मुलीचं लग्न करू, भांडण मिटवू, सगळं. त्या दिवशी मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आत गेलो आणि तीच चीज पहिल्यापासून वाजवायला घेतली.