मध्यंतरातली शेजारीण

अकोल्याच्या थिएटरात तेव्हा बायकांच्या बाजूला कापडी पडदा असे. दिवे मालवले की तो सरकवत आणि मध्यंतरात पुन्हा ओढत. दुपारच्या खेळाला माझ्या शेजारी एक माळीण आणि तिची लग्नाच्या वयाची लेक बसली होती. माळीण ओच्यात मोगरा घेऊन अंधारातच गजरा गुंफत होती.

बोलपट कोवळ्या वयातल्या पहिल्या प्रेमाचा होता. बाप नायिकेला विचारतो, "स्थळ पसंत आहे ना?" ती मान खाली घालते. बाप तोच होकार समजतो आणि लग्न लावून देतो. तिथे मध्यंतर झालं. बायका डोळे पुसत होत्या.

माळीण मला म्हणाली, "काहो बाई, बाप इचारून राह्यला, तं थे पोरगी बोलत काहून नाही?"

"लाजली असेल."

"लाजून जलम गेला ना तिचा!" मग ती लेकीकडे वळली. "उद्या पातूरचे पाहुणे तुले पाहाले येऊन राह्यले. मले कोणी इचारलं नवतं, मी तुले इचारून राह्यली. मनात दुसरा कोणी आहे काय?"

पोरगी रडली नाही. "आहे," एवढंच म्हणाली.

माळणीची बोटं थांबली. आम्ही आजूबाजूच्या बायका उगाच इकडेतिकडे पाहू लागलो. तिने फुलं पदरात बांधली.

"चाल. तुह्या बापाले आत्ताच सांगा लागते."

"अहो, अर्धा खेळ राहिलाय," मी म्हणाले.

"त्या पोरीचं लगन लागून गेलं, बाई. हिचं लागाचं आहे."

नायिका पुढे पुष्कळ रडली. मला मात्र माळीण नवऱ्यापुढे काय बोलत असेल, तेच मनात येत राहिलं.