‘इतर’ मुलांची ओळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाई येण्याआधी शिष्यवृत्तीच्या वेळी वर्गात जाती वाचल्या जायच्या आणि आम्ही काही मुलं उभी राहायचो. बाईंनी ते बंद करून उंची मोजायचा दिवस सुरू केला. सगळा वर्ग एकेक करून ऑफिसात जायचा, भिंतीवरच्या पट्टीला टेकून उभा राहायचा. ज्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज असत, त्यांची सही आत तिथेच उरकायची. बाहेर आल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न, “किती भरलास?”

पुढे सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत, मी सर्वेक्षणांचे तक्ते करायचो. एका वर्षी शाळकरी मुलांच्या व्यसनांचं काम आलं. सिगारेट ओढलीस का, बिअर प्यायलास का, असे प्रश्न. मुलं नाव लिहीत नसत, पण वंश लिहीत: चायनीज, मलाय, इंडियन किंवा इतर. प्रत्येक शाळेला तिचा अहवाल जायचा होता. एका शाळेच्या तक्त्यात ‘इतर’च्या ओळीत मोजकीच मुलं होती आणि जवळजवळ सगळ्यांनी सिगारेटला ‘हो’ म्हटलं होतं. ती कोण, हे शाळेत कुणालाही ओळखता आलं असतं.

आमच्या मॅनेजरबाई सिंगापूरच्याच, आई चिनी, वडील तमिळ. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना मी त्यांना म्हटलं, “ती ओळ शाळेला पाठवू नये.”

“ओळ काढली तर ती मुलं दिसणार नाहीत. मग त्यांना मदत कोण करणार?”

“दिसली तर मदतीआधी शिक्षा होईल.”

त्या कोपी, म्हणजे तिथली कॉफी, ढवळत राहिल्या. कंडेन्स्ड मिल्क तळाशी बसायचं, त्यामुळे त्यांचं ढवळणं कधी संपायचं नाही. “शाळेत मी इंडियन लिहिलं की आई रुसायची, चायनीज लिहिलं की आजी. इतर लिहिलं की दोघी. तुझं बरं आहे, एकच रकाना, लाह.” वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावायची तिथे सगळ्यांनाच सवय.

मग मी त्यांना उंची मोजायचा दिवस सांगितला. त्यांचा चमचा थांबला.

“तुझ्या बाई हुशार होत्या.”

“आहेत,” मी म्हटलं.

अहवाल त्यांनी थांबवला. वंशाचा तक्ता फक्त सगळ्या शाळांच्या एकत्रित अहवालात ठेवला, कारण तिथे कुणी एकटं पडत नव्हतं. त्या शाळेला त्यांनी स्वतः फोन करून एक गोष्ट सुचवली. त्या संध्याकाळी हौगांग भागातल्या माझ्या खोलीत बसून मी बाईंना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई, नमस्कार.

तिकडे नक्की काय काम करतोस, असं तुम्ही विचारलं होतंत. इथल्या एका शाळेत काही मुलं सिगारेट ओढतात. त्यांना वेगळं काढायचं नाही असं ठरलं. आता शाळेतल्या समुपदेशक सगळ्याच मुलांना एकेक करून आत बोलावणार आहेत, म्हणजे कोण कशासाठी आत गेलं ते बाहेर कळणार नाही. ही पद्धत कुणाची, ते मी ऑफिसात सांगितलं आहे.

भिंतीवरची पट्टी अजून आहे का? सुट्टीत आलो की माझी उंची मोजा. शाळा सुटल्यापासून कुणी मोजलेली नाही.

तुमचा विद्यार्थी