रिकाम्या पेटीवरचं काळं वस्त्र

अरुळम्माळ चर्चची वस्त्रं धुवायची. कुंभकोणमच्या एका टोकाला असलेल्या त्या लहानशा चर्चमधल्या वेदीवरच्या चादरी, सामींचे, म्हणजे पाद्र्यांचे, झगे, सणाला मातेच्या मूर्तीला नेसवायची साडी, सगळं तिच्या हाताखालून जाई. तिच्या आजीच्या वेळी तिथे नुसतं झावळ्यांचं छप्पर होतं. बायका रोज भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढत आणि रविवारी आणून ओतत. त्या मुठींतून भिंती उभ्या राहिल्या. वस्त्रांचं काम आजीकडून आईकडे आलं, आईकडून हिच्याकडे. पेजेची खळ ती अशी करी की कापड ताठ राही, पण करकरत नसे.

नवरा ज्ञानप्रकाशम् रंगूनला भाताच्या गिरणीत कारकून होता. युद्धात जपानी आले तेव्हा जी माणसं पायी निघाली त्यांत तो होता, एवढं एका परतलेल्या माणसाने सांगितलं. त्यापुढे काही नाही. सुरुवातीला दाराशी पाऊल वाजलं की ती उठे. पुढे उठेनाशी झाली, आणि ते केव्हापासून हे तिलाही सांगता आलं नसतं. गळ्यातली ताली, म्हणजे आपल्याकडचं मंगळसूत्र, तिने काढली नव्हती. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती आईबापांच्या थडग्यांवर फुलं घाली. नवऱ्यासाठी मात्र मेणबत्ती लावत नसे.

त्रेपन्न साली तिची मुलगी तेरेस हिचं लग्न पापनाशमच्या एका घरात ठरलं. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार जाहीर वाचन होई: अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कुणाची हरकत असेल तर सांगावी. त्याला ओलै वाचणं म्हणत. ते वाचायचे तोबियास उपदेशियार, चर्चमधले धर्म शिकवणारे गृहस्थ. आदल्या दिवशी ते विहिरीपाशी आले. मुलीच्या बापाचं नाव कसं वाचू, हयात म्हणून की मयत म्हणून, असं त्यांनी हळूच विचारलं. अरुळम्माळ वेदीची चादर पिळत होती. ती पिळतच राहिली. उपदेशियार थोडा वेळ थांबले, गप्प राहण्यालाच उत्तर समजले आणि निघून गेले.

रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी वाचलं, "मयत ज्ञानप्रकाशम् यांची मुलगी तेरेस."

बायकांच्या बाजूला चटईवर बसलेल्या अरुळम्माळने ते ऐकलं. बाकीच्यांनीही ऐकलं. पूजा, म्हणजे मिस्सा, संपल्यावर पायऱ्यांशी बायकांनी तिला घेरलं, गळ्यात गळा घालून रडल्या. अकरा वर्षं साठवलेलं रडणं त्यांचं होतं. हिचे डोळे कोरडे होते. दुपारी शेजारणीने सुतकाच्या घरी देतात तसा भात आणि रसम् आणून दिलं. अरुळम्माळने ते खाल्लं आणि भांडं घासून परत केलं.

दुसऱ्या दिवशी पापनाशमहून तेरेसची होणारी सासू आली. बाई वाईट नव्हती, पण जीभ तिखट. "मेले म्हणता, तर घंटा कधी वाजली? त्यांच्या नावाची पूजा कधी झाली?" तिने विचारलं. "आणि आहेत म्हणता, तर मुलीचा हात आमच्या हातात कोण देणार? एक काय ते ठरवा, विहिणबाई. अर्धवट घरातली मुलगी मला नको."

सामींनी अरुळम्माळला बोलावून घेतलं. पुढच्या रविवारी बदलून वाचता येईल, ती सांगेल तसं करू, असं ते म्हणाले. मयत ठरलं तर लग्नाआधी पूजा करावी लागेल. मग ताली उतरेल, आणि मुलीच्या लग्नात आईला मागे उभं राहावं लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती.

मराठ्यांच्या गल्लीतल्या मीनाक्षीबाईंच्या साड्यांनाही ती खळ घाली. त्या दिवशी साड्या पोचवायला गेली तेव्हा मीनाक्षीबाईंनी तिला ओट्यावर बसवून कॉफी दिली. त्या म्हणाल्या, "आमच्यांत बारा वर्षं वाट पाहतात. मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. तुमच्यांत किती?"

"आमच्यांत आकडा सांगितलेला नाही, अम्मा."

"मग अवघड आहे," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

तेरेसने आईला एकदाच विचारलं, तुला मनातून काय वाटतं. अरुळम्माळ इस्त्रीत निखारे भरत होती. ती म्हणाली, "काही वाटलं असतं तर त्याच दिवशी उपदेशियारांना सांगितलं नसतं का?"

संध्याकाळी ती सामींकडे गेली. "वाचलंय तसंच राहू द्या, सामी," ती म्हणाली. "पूजा गुरुवारी ठेवा."

पूजेला प्रेत नसलं की चर्चच्या मधोमध तूंबा ठेवायचा. ज्या सामाईक पेटीतून गावातली सगळी प्रेतं कबरस्तानात जात, तीच ही पेटी. रिकामी मांडायची, वर काळं वस्त्र घालायचं, भोवती मेणबत्त्या लावायच्या. ते वस्त्र अरुळम्माळने कितीतरी घरांसाठी धुतलं होतं. आदल्या संध्याकाळी तिने ते उलट बाजूने इस्त्री केलं, म्हणजे कापडाला चकाकी येत नाही. काम झाल्यावर ताली सोडून तेरेसच्या हातात दिली. तेरेस रडू लागली, तशी म्हणाली, "जपून ठेव. सोनं आहे."

गुरुवारी घंटा सावकाश वाजली. अरुळम्माळ नेहमीच्या जागी बसली. सामी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत होते. तिची नजर पेटीच्या एका कोपऱ्यावर गेली. तिथे वस्त्राला सुरकुती पडली होती. ती सुरकुती तिला काही केल्या बघवेना. शेवटी ती उठली, भर पूजेत पेटीपाशी गेली आणि तळहाताने कापड सारखं केलं. हाताखालचं लाकूड पोकळ लागलं. तिने हात जरा वेळ तिथेच ठेवला. सामी थांबले. मग ती परत येऊन बसली.

लग्नात ती मागच्या खांबापाशी उभी राहिली. मीनाक्षीबाई चर्चमध्ये पहिल्यांदाच आल्या होत्या. पुढे बसा म्हटलं तरी गेल्या नाहीत, तिच्याजवळच उभ्या राहिल्या. वेदीवरची पांढरी चादर लांबूनही ताठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या गाठोड्यात काळं वस्त्रही आलं. त्यावर मेण सांडलं होतं. अरुळम्माळने ते नखाने खरवडलं, उरलेलं टिपायला वर जुना कागद ठेवला आणि इस्त्री टेकवली.