पाच-पन्नास-पंधरा

गाडी कोणाचीही असो, कितीही महागाची असो, गुरुजी आधी तिच्या चाकापाशी वाकायचे. उपरणं सावरून, एक गुडघा जमिनीला टेकवून, मान तिरकी करून. दोन-चार क्षण तसेच थांबायचे आणि काहीतरी पुटपुटत उठायचे. नवी गाडी न्यायला आलेलं कुटुंब हे बघून गहिवरायचं. फलटणकडच्या एका काकांनी तर डोळे पुसत मला विचारलं होतं, "कुठला मंत्र हो हा? आमच्याकडचे भटजी नुसतं बॉनेटवर स्वस्तिक काढतात आणि निघतात."

मी काय सांगणार? गुरुजी मंत्र म्हणत नव्हते. टायरच्या बाजूला उठवलेला आकडा वाचत होते. आणि पुटपुटत होते ते एवढंच, "हेही नाही."

साताऱ्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये मी डिलिव्हरीचं काम बघतो. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायची, पेढा द्यायचा, फोटो काढायचा, ही माझी नोकरी. गाड्यांची पूजा करायला वाईहून गुरुजी यायचे. साठी उलटलेली, अंगाने सडसडीत, आवाज मात्र पार वॉशिंगच्या शेडपर्यंत पोचणारा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मला ते "अहो शोरूम" म्हणायचे, फोरमनला "अहो पाना" आणि दारावरच्या रखवालदाराला "अहो गेट". आम्हालाही सवय झाली होती. फोरमन तर घरीसुद्धा 'पाना' म्हटल्यावर ओ द्यायला लागला होता.

गुरुजी यायचे ते एका फार जुन्या, विलायती घडणीच्या मोटारीतून. पाठ फुगीर, रंग पिस्त्याचा, पुढे वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे. एका बागायतदार यजमानांनी ती गुरुजींच्या वडिलांना दिली होती. आमच्या मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता की ती मागे, गाड्या धुवायच्या जागी लावायची. कारण पुढे लावली की लोक आपल्या नव्या कोऱ्या गाडीकडे पाठ करून हिच्याबरोबर फोटो काढायचे.

पूजा चालू असताना गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, त्या गाडीतच बसून असायच्या. पहिल्यांदा चहा घेऊन गेलो तेव्हा मी म्हटलं, "काकू, आत एसीत बसा की."

"आत यायला हरकत नाही हो," त्या म्हणाल्या, "पण मी आले तरी हा येत नाही." आणि त्यांनी उजव्या पायाकडे बोट दाखवलं.

अकरा वर्षांपूर्वी वाईच्या घाटाच्या पायरीवरून काकू घसरल्या होत्या. गुडघ्याची वाटी फुटली. हाड जुळलं, पण गुडघा जो आखडला तो वाकेचना. पाय काठीसारखा सरळ. रिक्षात बसता येईना, नव्या गाड्यांत बसलं की पाय पुढे आपटे नाहीतर दाराबाहेर राही. फक्त या म्हाताऱ्या मोटारीत त्यांचं जमायचं. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. गिअरची दांडी मध्ये नाही, ती स्टीअरिंगला. काकू दाराला टेकून बसायच्या आणि पाय तिरका सोडायच्या, तो थेट गुरुजींच्या पायांपाशी पोचायचा.

"आम्ही दोघं मिळून चालवतो," काकू म्हणाल्या. "वेग ते देतात. ब्रेक कधीकधी माझ्या पायानं लागतो."

आता तुमच्या लक्षात आलं असेल की गुरुजी टायर का वाचत होते. त्या मोटारीचं माप होतं पाच-पन्नास-पंधरा. त्या मापाच्या गाड्याच रस्त्यावर राहिल्या नाहीत, मग टायर कोण बनवणार? गुरुजींच्या गाडीचे चारही टायर घासून गुळगुळीत झाले होते. सांगलीला जाताना उंब्रजजवळ एक फुटला. नशिबाने वेग नव्हता. कशीबशी गाडी परत आणली, आणि मी चाकं पाहून हात जोडले. "गुरुजी, यावर शोरूमपर्यंत येताय तेच खूप. सांगली बंद."

सांगली हे काकूंचं माहेर. तिथं त्यांची नव्वदीची आई, धाकट्या भावाकडे. दर महिन्याला काकू जायच्या. उंब्रजनंतर चार महिने झाले, जाणं नाही. आई रोज फोन करायची, "कधी येतेस?" काकू म्हणायच्या, "टायर मिळाला की." त्यावर आई म्हणायची, "आमच्या वेळी बैलगाडीला नव्हते लागत असले लाड." हे सांगताना काकू हसायच्या, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या. ते मी पाहिलं आणि मग मीही येणाऱ्या प्रत्येक गाडीचं चाक वाचायला लागलो.

सांगलीला कंपनीच्या कामाने जायचं होतं तेव्हा गुरुजींना बरोबर घेतलं. टायरच्या दुकानदाराने माप ऐकलं आणि मान हलवली. "हे माप आता निस्तं पुस्तकात हाय बघा, गुरुजी. ह्येच्या जवळपासचं देतो. काय फरक पडत न्हाई वो."

फरक पडला. ते दोन टायर पुढे बसवल्यावर मोटारीचं नाक खाली आणि शेपूट वर झाली. साष्टांग नमस्कार घालायला निघाल्यासारखी. काकू सीटवरून पुढे घसरायला लागल्या. शिवाय टायर रुंद होते, उजवीकडे वळवलं की मडगार्डला घासायचे. म्हणून चार दिवस गुरुजी वाईत फक्त डावीकडे वळत होते. मंडईत जायचं तर सगळ्या गावाला वळसा.

पाचव्या दिवशी त्यांनी टायर काढून ठेवले. मी विचारलं, "घासतात म्हणून?"

"घासण्याचं काही नाही हो शोरूम," ते गंभीरपणे म्हणाले, "पण रोज देवळाला उलटी प्रदक्षिणा होतेय."

मग कोरेगावकडच्या एका यजमानाने गोठ्याच्या माळ्यावरून एक टायर आणून दिला. न वापरलेला, आणि माप बरोबर! गुरुजींनी तो नातवासारखा मांडीवर घेतला. मी मात्र बाजूची लहान अक्षरं वाचली. टायर कधी बनला ते त्यावर लिहिलेलं असतं. हा माझ्या लग्नाच्याही आधीचा होता. नखाने दाबलं तर रबराला भेगा पडल्या.

गुरुजींना टायर गेल्याचं दुःख झालंच, पण नव्या माहितीचं अप्रूप त्याहून जास्त. "म्हणजे यालाही जन्मवेळ असते! मग पत्रिका बघायलाच हवी." तेव्हापासून कोणी टायरचा पत्ता दिला की ते आधी जन्मसाल विचारायचे आणि सुस्कारा सोडायचे, "माप जुळतंय, वय जुळत नाही. हे स्थळ नको."

सुटका झाली ती विट्यात. आमच्याकडून गाडी घेतलेल्या एका शेठनी नव्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजींनाच बोलावलं. शेठ म्हणजे सोनं गाळणारे, गलाईवाले. त्यांचं दुकान तिकडे खाली तामिळनाडूत. विट्याकडचे हे लोक देशभर पसरलेत, तुम्हाला ठाऊकच असेल. मंडपात कोणी केरळातून आलेलं, कोणी आसामातून, कोणी बंगालमधून. गुरुजींना मी घेऊन गेलो होतो. पूजा झाली, आरती झाली, आणि समोरचा माइक अजून चालू आहे हे बघून गुरुजींनी घसा साफ केला.

"मंडळी, एक विनंती आहे. आपापल्या गावी गेल्यावर एवढं बघा. लिहून घ्या. पाच, पन्नास, पंधरा."

मंडपात कागद-पेन्सिलींची धावपळ झाली. पुढे बसलेल्या एका आजींनी पदर सावरत विचारलं, "आवं गुरुजी, पाच सवाष्णी, पन्नास वाती, आन् पंधरा दिवस करायचं व्हय?"

गुरुजी गोंधळले. मग मी उठून माइक घेतला आणि गुडघ्यापासून टायरपर्यंत सगळं सांगितलं. आधी मंडप हसला, मग एकेकाने माप नीट लिहून घेतलं. शेठ पुढे आले आणि म्हणाले, "आवं, मग येवडं दिस गप का बसला? भारतात जिथं जिथं सोनं आटतंय, तिथं आपला मानूस हाय. सोडा काळजी."

त्यानंतर गुरुजींचा फोन वाजायला लागला. नव्या गाडीला हार घालता घालता ते रायपूरशी बोलायचे. गुवाहाटीहून फोटो आला, माप बरोबर, पण टायर झाडाला टांगून त्याचा झोपाळा केलेला. कोचीचा टायर एका बोटीच्या कडेला बांधलेला, धक्का बसू नये म्हणून. मदुराईहून एकाने उत्साहाने हातगाडीच्या चाकाचा फोटो पाठवला. गुरुजी प्रत्येकाला "आयुष्मान भव" म्हणायचे आणि खाली मान घालून अक्षता टाकायचे. यातच दोन महिने गेले. सांगलीहून फोन आला की काकू आता "बघू" एवढंच म्हणायच्या.

आणि मग स्वतः शेठचा फोन आला. त्यांच्या दुकानापासून दोन-तीन तासांवर लहानसा कारखाना होता, ट्रॉल्यांचे आणि हातगाड्यांचे टायर बनवणारा. तिथं अडगळीत पाच-पन्नास-पंधराचा जुना लोखंडी साचा निघाला होता. मालक म्हणत होता, टायर ओतून देतो, पण चारांसाठी साचा तापवणार नाही, निदान बारा घ्या.

"बारा?" गुरुजी म्हणाले. "अहो, मला चार चाकं आहेत."

"आवं घ्या की. जन्माचं काम झालं. आन् इचारू नका कायबी, ही आमची दक्षिणा."

गावच्या जत्रेला गलाईवाले आले ते तीन गाड्यांच्या टपांवर टायर बांधून. सगळे थेट वाईला. गुरुजींच्या दारात बारा काळेभोर, कोऱ्या रबराच्या वासाचे टायर उतरले. फोरमनला मी घेऊनच गेलो होतो. त्याने चार बसवले. गाडी सरळ उभी राहिली, नाक नाकाच्या जागी, शेपूट शेपटीच्या जागी.

आता पूजा. गुरुजी ताट आणायला निघाले तर शेठ आडवे आले. "आज तुमी यजमान. गाडी तुमची हाय. बसा तितं." आणि त्यांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. येत होती फक्त गणपतीची आरती, तीच म्हटली. दुसऱ्या कडव्यात अडकले तेव्हा आम्ही सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं, चूक दुरुस्त करतील म्हणून. गुरुजी हात जोडून उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुजणारा तो माणूस आपल्याच गाडीच्या चाकांकडे बघत राहिला. शेवटी घरातून काकूंनीच पुढची ओळ म्हटली.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला गेले. काळजी म्हणून मी माझ्या गाडीने मागोमाग होतो. दारात खुर्ची टाकून आई बसलेली. लेक उतरली तशी म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग जावयाला म्हणाली, "मिळाला का तुमचा टायर?"

"बारा मिळाले," गुरुजी म्हणाले.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. काकू अंगणातून पाय ओढत चालत होत्या ते शेजारच्या घरातून एक तरुण डॉक्टर बघत होता. हाडांचाच डॉक्टर. तो आला, गुडघा चाचपला, जुने एक्स-रे मागवले. म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी जमलं नसतं, आता जमेल. पूर्ण नाही, पण खुर्चीत बसण्याइतका गुडघा वाकेल." काकूंनी महिनाभर विचार केला, गुरुजींनी पंचांग पाहिलं, आणि ऑपरेशन झालं. मग चार महिने व्यायाम, रडणं, गुरुजींवर चिडणं. आणि गुडघा वाकला.

काकू आमच्या शोरूममध्ये पायऱ्या चढून आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पाय खाली सोडून हलवून दाखवला. अख्ख्या स्टाफने टाळ्या वाजवल्या. गुरुजी कौतुकाने बघत होते, पण चेहऱ्यावर थोडी पंचाईतही दिसत होती. मी हळूच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. घरी आठ टायर पडलेत कोरे. एकावर एक ठेवून ही त्यावर पापड वाळत घालते."

पुढच्याच वर्षी दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेली. पूजेला आता दुसरे गुरुजी येतात. चांगले आहेत, माझं नाव त्यांना पाठ आहे.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते नाशिकला जाण्याआधी, पाचवडजवळ. मी वाईहून परतत होतो. पुढे लाल एसटी चालली होती आणि तिच्या अगदी मागे ती पिस्ता रंगाची मोटार. आत गुरुजी एकटे. फाट्यावर एसटी थांबली, तेही थांबले. मी काच खाली करून विचारलं, "काकू कुठायत?"

त्यांनी हनुवटीने बसकडे खूण केली. "सांगलीला चाललीय, आईकडे. एकटी. म्हणाली, अकरा वर्षं बसच्या खिडकीत बसले नाही, मला एसटीनंच जायचंय."

"मग तुम्ही?"

"मी?" ते जरासे लाजले. "मी कुठं चाललोय. टायर पळवून घेतोय."

एवढ्यात बसच्या खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला आणि जोरजोरात हलला. त्यांना पक्कं माहीत होतं मागे कोण आहे. बस सुटली. त्या मोटारीला वळण दाखवायला हल्लीसारखे लुकलुकणारे दिवे नव्हते, दाराच्या खांबातून दांडीसारखा एक लहान पिवळा हात बाहेर यायचा. गुरुजींना कुठेच वळायचं नव्हतं. पण त्यांनी बटण दाबलं, तो हात टक्कन वर आला, आत गेला, पुन्हा वर आला. दोघांचे हात असे हलत हलत साताऱ्याच्या रस्त्याला लागले.