दुधाची गाठ

धाकटी अजून अंगावर पीत होती, म्हणून डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा आळीतल्या सगळ्या बायकांनी एकच सांगितलं, दूध साकळलंय. वैद्यांनी लेप दिला. गाठ दुखत नव्हती, त्यामुळे मीही निर्धास्त होते. पोरगी त्या बाजूला तोंड लावायची आणि रडून सोडून द्यायची, तर मी तिला उजवीकडे घ्यायचे. असे कितीतरी महिने गेले.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. हे नाशकातच शाळेत शिकवत. घरात आम्ही दोघं, तीन मुलं आणि माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. एकदा लेप लावायला मी त्यांना बोलावलं. त्यांचा हात मधेच थांबला.

"हे कातडं आत ओढल्यासारखं कधीपासून झालंय गं?"

"असंच आहे, वन्सं. दूध साकळलंय ना."

"हे दूध नव्हे," त्या म्हणाल्या आणि तशाच उठून ह्यांच्याकडे गेल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी गाठ चाचपली, काखेत बोटं खुपसली, आणि मला बाहेर बसवून ह्यांना आत बोलावलं. हे बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच. "छोटं ऑपरेशन आहे," एवढंच म्हणाले.

धाकटीला सिन्नरला माझ्या आईकडे धाडायचं ठरलं. वन्संनी कडुनिंबाचा पाला वाटून माझ्या छातीला लावला, पोरीची ओढ तुटावी म्हणून. तिनं एकदा तोंड लावलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ तिला घेऊन गेला.

इस्पितळात भरती झाले तेव्हा उजवी बाजू दुधानं दगडासारखी झाली होती. डॉक्टर फेरीला आले तसं मी डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "माझं काय कापणार आहात?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली.

"त्यांना नका विचारू. कापणार मला."

डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "पूर्ण स्तन काढावा लागेल, बाई. त्याखालचं मांस आणि काखेतल्या गाठीही. कॅन्सर आहे."

"म्हणजे मी बरी होईन?"

"नाही केलं तर नक्की होणार नाही. एवढंच सांगू शकतो."

हे उठून व्हरांड्यात गेले. मला रडू आलं नाही. खरं कळल्यावर उलट श्वास जरा मोकळा झाला.

क्लोरोफॉर्मची जाळी नाकावर ठेवली तेव्हा गोडसर, घशात बसणारा वास आला. मी आकडे म्हणायला लागले आणि कुठे थांबले ते आठवत नाही. जाग आली ती ओकारीनं. छातीवर कुणी जातं ठेवलंय असं वाटत होतं. डावा हात अंगाशी बांधून टाकलेला. काखेतून रबराची नळी निघाली होती आणि तिच्यातून लालसर पाणी गळत होतं. पाणी मागितलं तर सिस्टर ओला कापूस ओठांवर फिरवायच्या, बस. आणि उजव्या बाजूनं दूध येतच होतं. छातीवरच्या पट्ट्यांवर रक्ताचे डाग होते तसे दुधाचेही.

पट्टी बदलायची म्हणजे जखमेला चिकटलेलं कापड ओढून काढायचं. वन्सं माझा उजवा हात धरून बसत. हे दाराशी उभे राहत, आत येत नसत. पहिल्यांदा मी खाली पाहिलं तेव्हा तिथं बरगड्यांवर ताणून शिवलेलं कातडं होतं, जोड्याला टाके घालावेत तसं. वन्संनीही पाहिलं. म्हणाल्या, "शिवण सरळ आहे." त्यावर मी हसले आणि हसताना टाके असे ओढले गेले की किंचाळले.

शेजारच्या खाटेवर मालेगावची एक बाई होती. तिचा नवरा मागावर लुगडी विणायचा. तिचंही तेच दुखणं, पण जखम फुटलेली. तिच्याकडून वारा आला की वन्सं नाकाला पदर लावत आणि लगेच ओशाळून काढत. तिला नुसती मलमपट्टी चालली होती. एका दुपारी ती मला म्हणाली, "बहन, तुझं कापलं. माझं कधी कापणार, डॉक्टरला विचार ना. तुला सांगतात ते. मला कोणी काही बोलत नाही."

मी विचारलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "तिचं आता कापून उपयोग नाही. पसरलंय. नवऱ्याला सांगितलंय मी."

"तिला?"

ते पुढच्या खाटेकडे गेले.

ती माझ्याकडेच बघत होती. खोटं सांगता आलं असतं, पुढच्या आठवड्यात कापणार म्हणून. पण मला कुणी सांगत नव्हतं तेव्हा काय झालं होतं ते ताजं होतं. मी म्हणाले, "ते म्हणतात, फार उशीर झालाय. कापणार नाहीत."

ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "दोन मुली आहेत माझ्या. इथं फुकट पडले." आणि आयाला हाक मारून नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं. तो खाटेशी येताच ती त्याच्यावर ओरडायला लागली, तुला माहीत होतं, तुला माहीत होतं म्हणून. ओरडून दमली तेव्हा त्यानं खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या.

त्याच संध्याकाळी ते निघाले. जाताना ती माझ्या खाटेशी थांबली, पण बोलली काहीच नाही. रागावली होती की काय, मला कळलं नाही. पावसाळा सरता सरता मी तपासणीला गेले तेव्हा ती वारल्याचं तिच्या गावच्या एका पेशंटकडून कळलं.

माझी गाठ पुन्हा आली नाही. डावा हात मात्र कायमचा सुजला, खांद्याच्या वर कधी गेला नाही. सिन्नरहून धाकटीला आणलं तेव्हा ती माझ्या आईच्या कडेवरून माझ्याकडे यायला तयार होईना. मी आग्रह केला नाही. घेतलं असतं तरी एका हातानं तिला पेलता आलं नसतं.